वेलेस्लावीनने स्वतः लिहिलं काय, हा प्रश्न जरा फिरवून बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही नोकरीमुळे प्रागला आहात, झेक शिकताय, बी-वन ही मधली लेव्हल झालीय, आणि क्लासच्या बाईंनी सांगितलं की सोळाव्या शतकाच्या शेवटच्या काळाला झेक साहित्यात 'वेलेस्लावीनचा काळ' म्हणतात. तुम्ही शोधाशोध केली तर निघालं काय, हा माणूस छापखानेवाला! कविता नाही, नाटक नाही, कथा नाही, नावावरची निम्मी पुस्तकं भाषांतरं. म्हणून तुम्ही विचारलंय की छापणाऱ्याला साहित्य घडवणारा म्हणणं जरा जास्तच होत नाही का, आणि वाचायचंच झालं तर सुरुवात कुठून करू.

माझं आधी सांगून टाकतो म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल. मी प्राध्यापक वगैरे नाही. कोल्हापुरात खिळ्यांचा छापखाना होता तिथे प्रूफं वाचायला लागलो, मग संपादन, मग भाषांतर, आणि झेक शिकलो ते गेली वीसेक वर्षं त्यावरच बरंचसं पोट चालतं, म्हणजे मशिनरीची मॅन्युअलं, करारनामे, मधूनच एखादं बरं पुस्तक. त्यामुळे वेलेस्लावीन मला पहिल्यांदा भेटला तो साहित्यिक म्हणून नाहीच, तो भेटला धंद्यातला माणूस म्हणून, आणि म्हणूनच कदाचित मला त्याच्याबद्दल जिव्हाळा आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

तर आता मुद्दा. तुमचा खरा प्रश्न वेलेस्लावीनबद्दल नाहीये असं मला वाटतं. तुमचा प्रश्न आहे की 'साहित्य घडवणं' यात नेमकं काय काय मोडतं. कविता-कथा लिहिणाराच साहित्य घडवतो असं धरलं तर तुमचं बरोबर आहे, चर्चा संपली. पण एखाद्या भाषेत गद्य म्हणजे जड गद्य, इतिहास, औषधं, कायदा, प्रवास, हे लिहिता येईल अशी भाषा आधी तयार असावी लागते, आणि ती तयार करण्याचं काम बहुतेक वेळा कवी करत नाहीत, ते संपादक, भाषांतरवाले, कोशवाले आणि छापखानेवाले करतात. हा माणूस चारही एकाच वेळी होता.

थोडक्यात माणूस सांगतो. दानिएल आदाम, जन्म १५४६, प्राग. 'झ वेलेस्लावीना' म्हणजे वेलेस्लावीनचा, आपल्या 'कर' सारखंच समजा. वेलेस्लावीन हे तेव्हा प्रागबाहेरचं गाव, आता तुम्ही विमानतळावरून बसने येऊन ज्या मेट्रो स्टेशनला उतरला असाल, नाद्राझी वेलेस्लावीन, तेच. शिकला प्राग विद्यापीठात आणि १५६९ पासून तिथेच इतिहास शिकवत होता. १५७६ ला लग्न केलं आणि नोकरी सोडावी लागली, कारण तेव्हा तिथल्या मास्तरांनी अविवाहित राहायचं असा नियम होता. लग्न झालं ते आन्नाशी, आणि आन्ना ही यिर्झी मेलांत्रिखची मुलगी, म्हणजे प्रागमधल्या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या छापखानेवाल्याची. विद्यापीठ सुटलं, छापखाना मिळाला. सासरे १५८० ला गेले, एक मेहुणा होता पण खऱ्या अर्थाने छापखाना पुढे चालवला तो या जावयानेच, १५९९ ला मरेपर्यंत.

सासऱ्यांबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मूळ आडनाव चेर्नी, म्हणजे काळे. ह्युमॅनिस्ट लोकांना, म्हणजे ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासात रमलेल्या तेव्हाच्या विद्वानांना, नाव ग्रीक-लॅटिन करून घ्यायची भारी हौस, म्हणून काळ्या केसांचा या अर्थाचं ग्रीक रूप करून मेलांत्रिख झाले. आपल्याकडच्या एखाद्या काळेकाकांनी 'कृष्णकेशी' लावून घ्यावं तसं. तुम्ही जुन्या चौकातून हावेल बाजाराकडे जाताना जी गर्दीची गल्ली लागते ती मेलांत्रिखोव्हा, त्यांच्याच नावाची. पुढे विसाव्या शतकात त्यांचं नाव घेतलेली एक प्रकाशनसंस्था झाली आणि तिच्याच वात्स्लाव चौकातल्या इमारतीच्या बाल्कनीतून नोव्हेंबर १९८९ मध्ये, कम्युनिस्ट सत्तेविरुद्धच्या आंदोलनात, हावेल आणि दुब्चेक हे नेते लोकांशी बोलले. म्हणजे छापखानेवाल्याचं नाव कुठून कुठे गेलं बघा.

असो. आता या माणसाने केलं काय, ते मी माझ्या पद्धतीने सांगतो, यादी नको, यादी तुम्हाला कुठेही मिळेल.

पहिलं म्हणजे त्याला 'आत्ता काय छापायला पाहिजे' हे कळायचं. १५९३ ला तुर्कांशी मोठं युद्ध सुरू झालं, ते तेरा वर्षं चाललं, आणि १५९४ ला याच्या छापखान्यातून तुर्क लोकांच्या इतिहासाची जाडजूड बखर झेकमध्ये बाहेर! भाषांतर यान कोत्सीन नावाच्या वकिलाचं. याच कोत्सीनकडून त्याच वर्षी युसेबिअसचा चर्चचा इतिहासही झेकमध्ये आणला. त्याआधी १५९० ला मॉस्कोच्या राज्याची बखर. १५८४ ला 'पोलितिया हिस्तोरिका', राज्यकर्ते आणि कारभारी कसे असावेत याचे पाच भाग, मूळ जर्मन पुस्तक, झेक याने स्वतः केलं. १५९२ ला बायबलमधल्या लोकांच्या प्रवासांचं पुस्तक, कोण कुठून कुठे किती मैल गेला हे सांगणारं. आता ही सगळी पुस्तकं कोणासाठी? विद्वानांसाठी नाही, विद्वान लॅटिन वाचायचेच. ही होती गावच्या कौन्सिलात बसणाऱ्यांसाठी, व्यापाऱ्यांसाठी, शाळामास्तरांसाठी, थोडीफार शिकलेल्या घरांसाठी. आणि हे लक्षात घ्या की राजा रुडॉल्फ दुसरा १५८३ ला दरबार घेऊन प्रागला आला होता, दरबारात जर्मन, लॅटिन, इटालियन, स्पॅनिश सगळं चालायचं, लॅटिन पुस्तक छापलं तर ते युरोपभर विकता येतं, झेक पुस्तक विकायचं तर फक्त बोहेमिया-मोराव्हिया या झेक मुलखात. धंद्याच्या हिशोबाने झेक छापणं म्हणजे गिऱ्हाईक आपणहून कमी करून घेणं. मोठी अर्पणपत्रिका लिहून एखाद्या सरदाराचा किंवा नगराचा आश्रय मिळवायचा हा त्यावरचा उपाय, आणि त्याच्या त्या लांबच लांब प्रस्तावना आणि अर्पणपत्रिका ज्यांना आज आपण कंटाळतो, त्यातच त्याचं स्वतःचं लेखन सगळ्यात जास्त आहे. गंमत ही आहे.

दुसरं, आणि माझ्या मते हेच मोठं, तो दुसऱ्याचं लिखाण सुधारायचा. आलेलं हस्तलिखित तसंच खिळ्यांवर चढवायचं असा हा छापखाना नव्हता. जुनी भाषांतरं घ्यायची, भाषा घासायची, नव्याने काढायची. जोसेफसचा ज्यूंचा इतिहास झेकमध्ये आधी आलेला होता, याने १५९२ ला परत काढला. मत्तिओलीचा वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ १५६२ ला सासऱ्यांनी छापला होता, भाषांतर तादेआश हायेकचं, हा वैद्य आणि खगोलवालाही. जावयाने १५९६ ला तो जसाच्या तसा पुन्हा छापला नाही, कामेरारिउसने सुधारलेल्या जर्मन आवृत्तीवरून आदाम हुबेर या डॉक्टरच्या जोडीने स्वतः बसून नवं झेक केलं.

ज्याने कधी प्रूफं वाचली आहेत त्याला यातली मेहनत कळेल. आमच्या छापखान्यात एक जुने कंपॉझिटर होते ते म्हणायचे की लेखक एकदा लिहितो, आपण तीनदा वाचतो, मग भाषा जास्त कोणाच्या हातातून जाते? तेव्हा हसायचो. पण खरंच, वीस वर्षं एका शहरातली बहुतेक महत्त्वाची झेक पुस्तकं एकाच माणसाच्या डोळ्याखालून जात असतील, आणि तो प्रत्येक ठिकाणी हा शब्द नको तो घे, हे वाक्य असं फिरव, हे स्पेलिंग एकसारखं कर असं करत असेल, तर वीस वर्षांनी त्या भाषेचं गद्य त्याच्यासारखं दिसायला लागणारच. सतराव्या शतकात बोहुस्लाव बाल्बीन नावाच्या इतिहासकाराने साधारण हेच लिहून ठेवलंय, की रुडॉल्फच्या काळात प्रागमध्ये झेकमध्ये जे काही विद्वत्तेचं निघालं त्यात वेलेस्लावीन लेखक म्हणून, भाषांतरकार म्हणून, सुधारणारा म्हणून किंवा अगदी काही नाही तर छापणारा म्हणून होताच. आणि बाल्बीन कोण, तर जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मसंघातला! का 'आणि' म्हणतोय ते पुढे येईल.

आपल्याकडे याच सुमाराला, संबंध काही नाही, नुसता योगायोग, शके १५०६ म्हणजे १५८४ ला, पैठणला एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून पाठ शुद्ध करत होते. पोलितिया निघाली तेच साल. तिथे छपाई नाही, इथे आहे, काम वेगळं, कारण वेगळं. पण नाथांनी ज्ञानेश्वरी लिहिली नाही म्हणून त्या कामाला कोणी साहित्याबाहेरचं म्हणत नाही, एवढंच मला दाखवायचं होतं.

तिसरं कोश. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं रोजचं दुखणं तिथेच आहे.

१५९८ ला, म्हणजे मरायच्या आदल्या वर्षी, त्याने दोन मोठे कोश काढले. 'सिल्वा क्वाद्रिलिंग्विस', सिल्वा म्हणजे जंगल, चार भाषांचं जंगल, झेक-लॅटिन-ग्रीक-जर्मन. यात झेक शब्द आधी, अक्षरक्रमाने, आणि नुसता शब्द नाही, त्याच्याबरोबर येणारे वाक्प्रयोग, जवळचे शब्द, असं सगळं. दुसरा 'नोमेंक्लातोर', तो विषयवार, म्हणजे निसर्ग, प्राणी, झाडंझुडपं, शरीर, हत्यारं, धंदे अशा गटांनी, युनिउस या डच विद्वानाच्या कोशाच्या धर्तीवर. आता लॅटिन-ग्रीक विद्वानाला मासा, भांडं, औजार यांची पुस्तकी नावं माहीत असतात, पण त्यासमोर झेक शब्द लिहायचा तर तो पुस्तकात सापडत नाही, तो कोळ्याकडे, कुंभाराकडे, सुताराकडे असतो.

माझी फजिती सांगतो. इचलकरंजीतल्या एका मागवाल्याने झेक बनावटीचे जुने माग आणले होते, मॅन्युअल माझ्याकडे आलं. त्यात एका भागाला 'पाप्रसेक' म्हटलेलं. पाप्रसेक म्हणजे किरण, सूर्यकिरण असतो ना तो. मी नवखा, पहिल्या खर्ड्यात 'किरण' लिहिलं, मग वाटलं हे काही बरोबर नाही, चित्र बघून 'कंगवा' केलं. मागवाले वाचून इतके हसले, म्हणाले अहो साहेब फणी म्हणा की, सुताच्या तारा फणीतून जातात. झेक विणकर फणीला किरण म्हणतो, मराठी विणकर फणी म्हणतो, आणि सामान्य शब्दकोशात दोघांचाही पत्ता नसतो. तेव्हापासून मला चार भाषांचा विषयवार कोश करणाऱ्या माणसाबद्दल नुसता आदर नाही, भीती वाटते. प्रत्येक ओळीला असा एक पाप्रसेक बसलेला असणार.

आणि कोशाने होतं काय? चार भाषा शेजारी मांडल्या की न बोलता एक दावा होतो, की लॅटिनमध्ये जे म्हणता येतं ते झेकमध्येही येतं, हे घ्या, ओळीने बघा. तो प्रस्तावनांमधून भाषेबद्दल बोललाय ते वेगळं, पण मला तो कॉलमच जास्त बोलका वाटतो. पुढे एकोणिसाव्या शतकात योसेफ युंगमनने आपला पाच खंडांचा मोठा झेक-जर्मन कोश केला (१८३५ ते १८३९), त्यात वेलेस्लावीनचा हवाला सतत येतो. म्हणजे अडीचशे वर्षांनी दुकान पुन्हा उघडलं तेव्हा माल याच्याच गोदामातला निघाला.

आतापर्यंतचं एका दमात: निवड, दुरुस्ती, कोश. या तिन्हीत 'लेखक' म्हणून सही कमी आणि हात जास्त. पण इथे मला एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे, नाहीतर मी नुसती वकिली केल्यासारखं होईल.

ती अशी की त्या काळाला त्याचं नाव मिळालं त्यात त्याच्या कर्तृत्वाइतकाच वाटा नंतर जे घडलं त्याचा आहे. १६२० ला बीला होराची लढाई झाली, प्रागच्या बाहेरच, कॅथलिक सम्राटाविरुद्ध बंड केलेले झेक प्रोटेस्टंट सरदार हरले. दानिएलचा मुलगा सामुएल छापखाना चालवत होता, १६१३ ला त्याने बायबलही छापलं होतं, तो बंडात सामील होता, देश सोडून जावं लागलं. छापखाना जप्त झाला आणि प्रागच्या क्लेमेंटिनम कॉलेजातल्या जेझुइटांकडे गेला. म्हणजे बाल्बीन ज्या संघाचा, त्याच संघाकडे! म्हणून मघाशी 'आणि' म्हटलं. शत्रूपक्षाच्या माणसाने मरणोत्तर सर्टिफिकेट दिलं तर त्याला वजन असतं.

त्यानंतर झेक संपली असं नाही, पुस्तकं निघतच होती, गाणी-प्रवचनं होती, पण वरचा वर्ग आणि कारभार हळूहळू जर्मनकडे सरकला. मग अठराव्या शतकाच्या शेवटी योसेफ दोब्रोव्स्कीसारखे लोक आले, भाषेचं नीट व्याकरण लिहायचं म्हणाले, तेव्हा प्रश्न आला की कुठली झेक धरायची, रस्त्यावर बोलतात ती की जुन्या चांगल्या पुस्तकातली. दोब्रोव्स्कीने १८०९ च्या व्याकरणात दुसरी धरली, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली छापील झेक. पराभवाच्या आधीची, 'बिघडायच्या' आधीची. हरलेल्या लोकांना मागचा काळ सोन्याचा वाटतो, त्यात नवल नाही. मधल्या शे-दीडशे वर्षांना तुच्छ लेखलं गेलं ते चूक होतं, बरोक काळात चांगलं लिखाण झालंय, हे विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी मांडलं आणि मला ते पटतं.

आणि श्रेय द्यायचं तर एकट्याला देऊच नका. क्रालित्सेचं बायबल, झेक बंधुसंघ या प्रोटेस्टंट पंथाने मोराव्हियात सहा भागात छापलेलं, १५७९ पासून पुढे पंधरा वर्षं, भाषा म्हणून बघाल तर ते वेलेस्लावीनच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा सरस आहे, निदान माझ्या कानाला. त्याच्यामागे यान ब्लाहोस्लाव, ज्याने नवा करार १५६४ ला केला आणि झेकचं व्याकरणही लिहिलं. काळाचं नाव वेलेस्लावीनचं पडलं कारण तो प्रागच्या मधोमध होता आणि सगळ्या विषयांत होता. बायबलवाले गुपचूप एका गढीत छापत होते, त्यांचं नाव शहराच्या तोंडी कसं येणार.

आता हे तुमच्या रोजच्या जगण्याशी कसं येतं बघा. क्लासमध्ये तुम्हाला शिकवतात 'म्लेको', दूध, आणि दुकानात बाई म्हणते 'म्लीको'. पुस्तकात 'माली' म्हणजे लहान, शेजारचा मुलगा म्हणतो 'मालेय'. खिडकीला पुस्तकात 'ओक्नो', तोंडात 'वोक्नो'. तुम्ही वैतागून लिहिलंयत ना की दोन झेक शिकायला लागतात, तर त्याचं मूळ बऱ्यापैकी इथेच आहे. बोलण्यात हे बदल वेलेस्लावीनच्या काळातही सुरू होतेच, पण चांगल्या छापील पुस्तकांनी बहुतेक जुनी रूपं धरून ठेवली, आणि दोब्रोव्स्कीने तीच रूपं व्याकरणात बसवली, म्हणून आजची प्रमाण झेक अनेक ठिकाणी सोळाव्या शतकाच्या छापखान्याचे कपडे घालून फिरते. तुमच्या दुधाच्या पिशवीवरचा 'ए' आणि दुकानदार बाईंचा 'ई' यांच्यामध्ये चारशे वर्षं उभी आहेत. यात वेलेस्लावीनचा दोष किती हे परिस्थितीवर अवलंबून, त्याने काही दुकानदार बाईंना सांगितलं नव्हतं तसं बोला म्हणून.

शैलीबद्दल खरं बोलतो, वाचायला तो जड आहे. लॅटिनचा परिणाम. वाक्य एकदा निघालं की अर्ध्या पानाने थांबतं, मध्ये पोटवाक्यांवर पोटवाक्यं, एकाच अर्थाचे दोन-दोन शब्द जोडीने, आणि क्रियापद लॅटिनसारखं अगदी शेवटी. झेक मित्रांना हे वाचताना धाप लागते. पण इथे आपल्याला एक फायदा आहे जो तुमच्या क्लासमधल्या जर्मन सोडून बाकी कोणाला फारसा नसेल. क्रियापद शेवटी येणं आपल्याला नवीन नाही! आपण जन्मापासून शेवटच्या शब्दापर्यंत थांबतो, केलं की नाही केलं ते कळायला. आणि दुसरं, झेकमध्ये 'पर्शेखोद्नीक' नावाचा एक प्रकार आहे, आजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलाय, शिक्षक पण तो अध्याय उडवतात, तो म्हणजे साधारण आपलं 'करून', 'जाऊन', 'बोलत बोलत'. 'घरी येऊन, हात धुऊन, जेवून तो झोपला' हे वाक्य आजच्या झेकमध्ये सरळ करायला चार क्रियापदं लागतात, वेलेस्लावीन ते पर्शेखोद्नीकने झटक्यात करतो. फक्त त्याला लिंग-वचन लागतं, आपल्या 'करून'ला लागत नाही, तिथे जरा सांभाळा. हे मी कुठे वाचलेलं नाही, भाषांतर करता करता लक्षात आलंय, त्यामुळे व्याकरणवाल्यांनी माझ्या अंगावर येऊ नये. साम्य कामाचं आहे, नात्याचं नाही.

मग वाचायचं कुठून? तुमच्या लेव्हलला पोलितिया उघडू नका, पहिल्याच प्रस्तावनेत बुडाल. मी 'कलेंदार्झ हिस्तोरित्स्की', म्हणजे इतिहासाचं कॅलेंडर, यापासून सुरू करा म्हणेन. पहिली आवृत्ती १५७८, वाढवलेली १५९०. वर्षाचा प्रत्येक दिवस घेतलाय आणि त्या तारखेला जगात काय काय घडलं, राजे, लढाया, मृत्यू, आगी, ते लिहिलंय, आपल्या दिनविशेषासारखं. नोंदी सुट्या असल्याने वाक्यं त्या मानाने आटोपशीर, अडलं तर पुढच्या नोंदीवर जाता येतं. आपल्या वाढदिवसाचं पान काढा, मी तसंच केलं होतं, मजा येते. जुन्या प्रतींमध्ये मालकांनी आपल्या घरच्या नोंदीही हाताने करून ठेवलेल्या सापडतात, कोणाचा जन्म, कोण गेलं. म्हणजे रोमच्या सम्राटाशेजारी यांच्या घरची बाळंतीण. हे पुस्तक लोकांनी खरोखर वापरलं याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

एक फक्त भान ठेवा. दोन आवृत्त्यांच्या मध्ये कॅलेंडरच बदललं. बोहेमियात जानेवारी १५८४ ला ६ तारखेनंतर एकदम १७ तारीख आली, ग्रेगोरियन पंचांग लागू झालं. तारखांचं पुस्तक काढणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तारखाच सरकल्या, बिचारा! तेव्हा त्या काळातल्या घटनेची तारीख इतर पुस्तकाशी जुळली नाही तर लगेच चूक काढू नका, आधी दहा दिवसांचा हिशोब बघा.

झाडपाल्याची आवड असेल तर दुसरं १५९६ चा वनस्पतींचा ग्रंथ. चित्रं असल्यामुळे अर्धं काम चित्रच करतं, नाव, दिसतं कसं, उगवतं कुठे, उपयोग काय, हा ठरलेला साचा एकदा कळला की प्रत्येक पान सोपं होत जातं. त्यातल्या औषधांचे प्रयोग घरी करू नका हे सांगायला लागू नये, पण एका ओळखीच्या गृहस्थांनी केला होता म्हणून सांगतोय.

'क्रोनिकी द्वे' म्हणजे दोन बखरी, १५८५ ची, ती नंतर कधीतरी. एकीचा लेखक एनेआ सिल्व्हिओ, जो पुढे पोप पायस दुसरा झाला, त्याचा हुसवाद्यांबद्दलचा, म्हणजे यान हुस या झेक धर्मसुधारकाच्या अनुयायांबद्दलचा, राग लपत नाही, आणि तिच्याच जोडीला मार्टिन कुथेनची देशी बखर. एकाच बाइंडिंगमध्ये दोन सूर. एकाच विषयावर दोन बाजूंचा मजकूर शेजारी छापणं हा संपादकाचा निर्णय असतो, त्यासाठी स्वतःचं एक वाक्य लिहावं लागत नाही आणि तरी बरंच म्हणून होतं.

मूळ छपाईची पानं स्कॅन केलेली मिळतात, 'मानुस्क्रिप्टोरियम' आणि राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'क्रामेरिउस' ही दोन नावं शोधा, अडलेल्या शब्दांसाठी झेक भाषा संस्थेचं 'वोकाबुलार्झ वेबोवी'. पण पहिलं पान उघडल्यावर तुम्हाला वाटेल की ही झेकच नाही. घाबरू नका, ते फक्त कपडे आहेत. टाईप जर्मन वळणाचा तुटक काळा, त्याला सरावायला आठवडा लागतो. आणि स्पेलिंग: आज जिथे व्ही (v) लिहितात तिथे डब्ल्यू (w), आज जिथे जे (j) लिहितात तिथे जी (g), आणि आजच्या लांब ई (í) च्या जागी जे (j)! म्हणजे 'त्याचा' हा अर्थ असलेला 'येहो' शब्द तुम्हाला जी ने सुरू झालेला दिसेल आणि तुम्ही 'गेहो' वाचाल. मी महिनाभर वाचलं होतं. शब्दाच्या सुरुवातीला व्ही दिसला तर तो बहुतेक उ असतो. 'ओउ'च्या जागी 'आउ'. हे एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवा. यातलं बरंचसं १८४० च्या दशकात बदललं, त्याआधीचं कुठलंही झेक पुस्तक उघडलंत तरी हीच चिठ्ठी कामाला येईल.

रोज अर्धं पान, मोठ्याने वाचायचं, कारण डोळ्याला जे अनोळखी दिसतं ते कानाला लगेच ओळखू येतं. क्रियापद सापडेपर्यंत शब्दकोशाला हात लावायचा नाही, आधी वाक्याचा शेवट शोधायचा मग मागे यायचं. वाढदिवसाच्या पानावर अडलात तर फोटो इथेच टाका, मी किंवा इथलं कोणीतरी सांगेल. फक्त टाकायच्या आधी एकदा जी ला य वाचून बघा.